विंगेत मी ओठ मिटले तेव्हा

आमच्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर बोलत नसे. तो विंगेत स्टुलावर बसायचा. मांडीवर वही, आणि समोर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बारका बल्ब, त्याचा उजेड बरोबर तोंडावर पडेल असा. नट अडला की विंगेकडे बघायचा. प्रॉम्प्टर ते वाक्य नुसतं ओठांनी म्हणायचा, आवाज अजिबात नाही. नट ते वाचायचा आणि पुढे जायचा.

बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. पण मंडळीतले सगळे बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरचे होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे चहा आला, धागा तुटला, मालक येतोय, तुझ्या पोराला ताप कसा आहे, असं सगळं बोलणं तिथे ओठांनी आणि भुवयांनी चालतं. माझे वडील चार मागांपलीकडच्या माणसाशी अख्खं भांडण एक शब्द न उच्चारता करत आणि त्यात शिव्यासुद्धा असत. त्यांचा डबा घेऊन मी रोज शेडमध्ये जायचो. अक्षरं वाचायला शिकण्याआधी मी ओठ वाचायला शिकलो.

ही पद्धत पाडली आमच्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत. ते माग दुरुस्त करायचे, आणि गणपतीत बसवायची नाटकं स्वतःच लिहायचे. एकदा अनगोळच्या मंडपात प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्याही आधी पहिल्या रांगेत पोचला. तिथला एक म्हातारा म्हणाला, "त्या आतल्या पावण्यालाच भाईर आणा की. त्यो बरा बोलतोय." मंडप हसत सुटला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फर्मान काढलं की यापुढे प्रॉम्प्टिंग ओठांनी.

अडचण एकच आली. आमच्या प्रॉम्प्टरला झुपकेदार मिशी होती आणि निम्मं वाक्य तिच्यातच अडकायचं. मास्तरांनी त्याला मिशी काढायला सांगितली. तो म्हणाला, "माझा बा जित्ता हाय मास्तर. मिशी कशापायी काढू?" मग मिशी नसलेला, लिहिता-वाचता येणारा माणूस शोधणं सुरू झालं आणि मी सापडलो. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.

मी मोकळा कसा झालो, ते सांगायला हवं. सहाव्या वर्षापासून मी मास्तरांच्या एका नाटकात पोराचं काम करत होतो. पोराचे वडील फौजेत असतात, त्यांचा पत्ता नसतो, गाव म्हणतं ते गेले. पोरगा रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन उतरणाऱ्या माणसांना विचारतो. शेवटच्या प्रवेशात वडील खरोखरच उतरतात, एक पाय गमावून, दाढी वाढलेले. पोरगा त्यांना ओळखत नाही. तो त्यांनाच विचारतो, "तुम्ही आमच्या आप्पांना कुठं बघितलं काय?" त्या वाक्याला बायका पदर डोळ्याला लावत. कुठल्याही गावात गेलो तरी कुणी ना कुणी मला मांडीवर घ्यायचं, हातावर पेढा ठेवायचं. शहापूरच्या गल्ल्यांतून मी चाललो की पोरं मागून तेच वाक्य म्हणायची. चिडवायला म्हणायची, पण मला ते आवडायचं.

मग कडोलीच्या एका प्रयोगात त्या वाक्याच्या मधोमध माझा आवाज फुटला. 'तुम्ही' बारीक निघालं आणि 'आप्पांना' घोगरं. लोक हसले. वाईट मनाने हसले नाहीत, घरच्या पोराला हसतात तसं हसले. प्रयोग संपल्यावर मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आता आत बस." मला वाटलं, जरा वेळ बस म्हणतायत.

माझ्या जागी एक मुलगी आली. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारी, नऊ वर्षांची. घरात कन्नड, गल्लीत मराठी. तिचे केस पोरासारखे कापले. वाक्यं शिकवायचं काम मास्तरांनी माझ्यावर टाकलं आणि मी ते प्रामाणिकपणे केलं, हे मात्र खरं. तिला वही लागत नसे. मी एकदा म्हणायचो, ती डोळे मिटून ऐकायची आणि तसंच्या तसं म्हणून दाखवायची. फक्त शेवटचं वाक्य ती माझ्यासारखं म्हणेना. मी ते रडवेल्या आवाजात म्हणायचो. ती अगदी साधं विचारायची, दुकान कुठं आहे म्हणून विचारावं तसं. मी मास्तरांना म्हणालो, तिला जमत नाही. मास्तरांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि ते म्हणाले, "तिला तसंच म्हणू दे."

पहिल्या प्रयोगात मी विंगेतून पाहिलं. तिच्या त्या साध्या वाक्याला लोक माझ्या वेळेपेक्षा जास्त रडले. का रडले, हे मला कळेना. पुढच्या पाच प्रयोगांत मी तेवढंच बघत होतो. ती काय करत नाही म्हणून लोक रडतात? मला हेवा वाटत होताच. पण त्याहून जास्त मला ते कोडं छळत होतं. आज इतकी वर्षं अभिनयावर पोट भरल्यावर मला त्याचं उत्तर थोडंफार देता येईल. तेव्हा येत नव्हतं.

त्या सहा प्रयोगांत तिने एकदाही विंगेकडे बघितलं नाही.

सातवा प्रयोग बेळगावात स्पर्धेचा होता. परीक्षक बाहेरगावचे. शेवटच्या प्रवेशात वडिलांचं काम करणाऱ्या नटाची कुबडी घसरली. तो पडला नाही, पण अर्धं पाऊल धडपडला आणि फळ्यांचा मोठा आवाज झाला. ती दचकली. मग तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ती वळली आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघितलं.

ते वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. बल्ब चालू होता, माझ्या तोंडावर उजेड होता. मी ओठ मिटले आणि मान वहीत घातली.

पाच-सहा सेकंद गेले असतील. मी का तसं केलं, याची बरीच उत्तरं मी स्वतःला दिली आहेत. हेवा होता, आवाज फुटल्याचा राग होता. पण सगळ्यात खरं उत्तर सांगायला मला लाज वाटते, कारण ते सगळ्यात थंड आहे. मला बघायचं होतं. तिलाही लोक हसतात का, ते मला बघायचं होतं.

लोक हसले नाहीत. वडिलांच्या नटाने प्रसंग सावरला, तोच "बाळ" म्हणून पुढे झाला, तिला पोटाशी धरलं आणि पडदा पडला. बक्षीस मिळालं नाही. आत मास्तरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "वाक्य दिलंतंस का न्हाय?"

"दिलंतं मास्तर. दोनदा दिलं. तिला दिसलंच न्हाय."

ती तिथेच उभी होती. ती म्हणाली, "व्हय, मला दिसलं न्हाय." एवढंच. माझ्याकडे बघून म्हणाली की जमिनीकडे, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे.

पुढे जे झालं ते असं. दिसलं नाही या शब्दावरून तिच्या वडिलांना शंका आली आणि आठवड्याभरात त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोठा नंबर निघाला. शाळेत तिला फळा कधीच दिसत नव्हता. ती सगळं ऐकून पाठ करायची आणि सगळ्यांना असंच दिसतं, असं समजायची. तिच्या आईला आम्ही सगळी गल्ली अव्वा म्हणायचो. अव्वा हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, भांडं घेऊन आमच्या घरी आली आणि माझ्या आईसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. "तुझ्यामुळं कळलं रं बाळा. न्हाय तर पोरगी आंधळी झाली असती माझी." मी ती हुग्गी खाल्ली. त्या वर्षीपासून दर दिवाळीला तिच्या घरून आमच्याकडे एक डबा जास्तीचा येऊ लागला. तो माझ्या नावाने यायचा.

मुलीचं काम मात्र बंद झालं. फौजीच्या पोराला चष्मा कुठला घालणार? चष्म्याशिवाय आईवडील तिला रंगमंचावर पाय ठेवू देईनात. मास्तरांनी पोराची भूमिकाच बदलून सोळा वर्षांच्या मुलाची केली. ती मला मिळाली. घोगऱ्या आवाजासकट मिळाली. त्या कामावर मला बक्षीस मिळालं, त्या बक्षिसामुळे एका कन्नड नाटक कंपनीने जत्रांच्या हंगामात मला नेलं, तिथून हुबळी-धारवाड, मग मराठी नाटकं, आणि आता पंधराएक वर्षं कोल्हापुरात चित्रित होणाऱ्या मालिका. मी नायिकेचा काका असतो, सरपंच असतो, कधी प्रामाणिक हवालदार असतो. लोक रस्त्यात ओळखतात. लहानपणी नाटकात काम करणारी बहुतेक मुलं आवाज फुटला की संपतात. मी संपलो नाही. का संपलो नाही, याची पहिली पायरी मी वर लिहिली आहे.

मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. तिने काय पाहिलं? तिचे डोळे अधू होते हे खरं, पण किती अधू? मी ओठ मिटले ते तिला दिसलं असेल आणि नऊ वर्षांची पोर मला वाचवायला "दिसलं नाही" म्हणाली असेल तर? की खरंच काही दिसलं नव्हतं? तिच्या चष्म्याचा नंबर मी अव्वाकडून सहज म्हणून काढून घेतला होता. विशीत असताना एकदा चष्म्याच्या दुकानात जाऊन मी त्याच नंबरचा चष्मा मागितला, डोळ्याला लावला आणि पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसांचे ओठ बघू लागलो. सगळं धूसर. मला बरं वाटलं. एका मुलीला काय दिसत होतं ते बघतोय, असं सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "अहो, असं कळत नसतंय. चांगल्या डोळ्याला चष्मा लावला की धूसर दिसणारच. तिला काय दिसत होतं ते तिचं तिलाच ठाव." मी चष्मा परत ठेवला.

ती लग्न होऊन निपाणीला गेली. तिथे तिचं ब्लाउजपीसचं, मॅचिंगचं दुकान आहे, मागे घर. वडील गेल्यावर अव्वाही तिच्याकडे राहायला गेली. बेळगावहून कोल्हापूरला जाताना आमची बस निपाणीच्या स्टँडवर थांबते. मी पंधरा वर्षं त्या स्टँडवर खिडकीतून बघत बसलो. उतरलो नाही.

गेल्या वर्षी आमच्या मालिकेत एक दहा वर्षांचा मुलगा होता. चलाख. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही पण लहानपणी काम करत होता ना? मग मोठेपणी पण काम कसं मिळालं?" त्याच्या आईने मोबाइल खाली ठेवून कान दिले, कारण तिला हेच हवं होतं. मी नेहमीचं सांगितलं. मेहनत घेतली, वाचन केलं, छोटं काम नाकारलं नाही. मुलगा म्हणाला, "पण मधे काय केलं? मोठं होईपर्यंत?" मी म्हणालो, "प्रॉम्प्टर होतो." त्याने विचारलं, "म्हणजे काय करायचं?" मी बोलू लागलो आणि दोन वाक्यांत थांबलो. पुढचं सांगता येईना.

त्या शनिवारी परत येताना मी निपाणीला उतरलो.

दुकान बाजारातल्या रस्त्यावर होतं. ती गल्ल्यावर बसली होती. जाड काचांचा चष्मा, केसांत थोडं पांढरं. मला बघून ती म्हणाली, "अण्णा? आज कुणाचा खून करून आलास? मालिकेत तर लई साधा दिसतोस." गल्लीतलं नातं असल्याने ती मला अण्णाच म्हणायची. मी स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक नव्हतं. फार वेळ गेला तर मी उठून निघून जाईन, हे मला ठाऊक होतं, म्हणून लगेच विचारलं.

"त्या स्पर्धेच्या दिवशी तू माझ्याकडं बघितलंस. तुला काय दिसलं?"

तिला जरासुद्धा आठवावं लागलं नाही. "पांढरा शर्ट दिसला. वर उजेडाचा गोळा. तोंड कुठलं, ओठ कुठले? मला वाटलं, असंच असतं. बाकीच्यांना त्या गोळ्यातलंच काही तरी कळत असंल, मला शिकायला पायजे."

म्हणजे तिने पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. त्याच क्षणी चहा पिऊन मी निघू शकलो असतो. माझ्या ओठ मिटण्याने काही बिघडलं नव्हतं. मी वाक्य शंभर वेळा दिलं असतं तरी तिला दिसलं नसतं. मला खूप हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची मला भीती वाटली.

"मी दिलंच न्हवतं," मी म्हणालो.

"काय?"

"वाक्य. तू बघितलंस तवा मी तोंड मिटून खाली बघत बसलो. मास्तरांना खोटं सांगितलं."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं आणि हसणं गेलं. तेवढ्यात एक बाई साडीचा पदर घेऊन जुळणारं कापड बघायला आली. हिने चार गठ्ठे काढले, उजेडात नेऊन दाखवले, कापड मोजून कापलं, घडी घातली. सगळं नीट. बाई गेल्यावर तिने कात्री जागेवर ठेवली.

"मला दिसत न्हाय हे तुला ठाव न्हवतं."

"न्हवतं."

"म्हणजे दिसतंय असं समजून तू गप बसलास."

"व्हय."

तिने उरलेले गठ्ठे फळीवर परत लावले. मग म्हणाली, "मला नाटक लई आवडायचं रं. ते गेलं ते डोळ्यांमुळं, असं मी म्हणत आले. माझ्या लेकीलाबी तेच सांगितलंय. डोळ्यांवर खापर फोडलं की बरं असतंय, कुणावर राग काढावा लागत न्हाय. आता काढावा लागंल."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "थांब. माफी मागू नको. तू मागितलीस की मला लगेच काही तरी म्हणावं लागंल."

आतून अव्वा आली. आवाज ओळखला होता तिने. खूप वाकली आहे, पण हाताला जोर आहे. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "टीव्हीत लई वाळलेला दिसतोस. जेवायला घालत न्हाईत काय तुला तिथं?" तेवढ्यात शेजारचा दुकानदार सुट्टे मागायला आला, तर अव्वाने त्याला थांबवून घेतलं आणि सगळी गोष्ट सांगितली. नाटक, स्पर्धा, आणि याच्यामुळं पोरीचे डोळे कळले, न्हाय तर काय झालं असतं. ती हे आजवर किती जणांना सांगत आली असेल, कोण जाणे. दुकानदार माझ्याकडे आदराने बघू लागला.

मी तिच्याकडे बघितलं. आईला सांगायची पाळी आता तिची होती, आणि ती सांगेल असं मला वाटलं. खरं तर मी तयार होतो. ती माझ्याकडेच बघत होती, जरा डोकं कलतं करून. मी काय करतो ते तिला बघायचं होतं.

"खरं हाय न्हवं रं?" अव्वाने विचारलं.

मी हो म्हणालो. आयुष्यात मी इतकं वाईट काम केलं नसेल. आवाज बसला, नजर कुठे ठेवावी कळेना. अव्वाला मात्र ते पटलं. तिला वाटलं, कौतुकाने लाजला.

"अव्वा, च्या ठेव जा," ती म्हणाली.

चहा झाल्यावर ती मला स्टँडच्या वळणापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "तिला सांगायचं न्हाय. कधीच न्हाय. तिनं एवढ्या लोकांना सांगितलंय." मी बरं म्हणालो. बस लागली होती. तिने हात केला नाही, पण बस सुटेपर्यंत थांबली.

हे लिहावं असं मनात आलं तेव्हा मी तिला फोन केला. मला वाटलं, नको म्हणेल. तिने विचारलं, "कन्नडात का मराठीत?"

"मराठीत."

"मग लिही. अव्वाला मराठी वाचता येत न्हाय. नाव मात्र कुणाचंच घालू नको. मास्तरांचंबी नको, ते बिचारे गेले."

"तुझा राग?" मी विचारलं.

"हाय अजून. कमी-जास्त हुतोय. परवा तुझी मालिका लागली तवा बंद केली, मग अव्वासाठी परत लावली." मग म्हणाली, "आणि एक. ह्या सगळ्यात मी कुठं रडले असं लिहू नको. तुम्हा नाटकवाल्यांना सवय असती."

ती रडली नव्हती.